तिसरी फळी

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण होबार्टहून निघालो.
दोन विमानं, मग डिझेलच्या वासाची एक होडी,
आणि व्हानुआतूच्या एका बेटावरचं हे गाव,
जिथे पावसाचं पाणी साठवायला आम्ही टाकी बांधणार होतो.
सिमेंट आमच्या आधीच पोचलं होतं.
गोण्यांवर कोंबड्या बसल्या होत्या.

किनाऱ्यावर लेइमारा उभी.
तिनं आमच्या बॅगा पाहिल्या,
मग हात.
हातांकडे जरा जास्त वेळ.

मला तिच्या लेकीची खोली मिळाली:
विणलेल्या बांबूची भिंत, केवड्याच्या पानांची चटई,
खुंटीला फुलाफुलांचा झगा
आणि फळ्यांचा पलंग. तिसरी फळी कुरकुरायची.
पहिल्या रात्री मी कूस बदलली नाही.

काम केलं आम्ही, नाही असं नाही.
वाळू ओढली, खडी वाहिली,
पण ऊन चढलं की म्हातारा काल्तक
हातातलं घमेलं काढून घ्यायचा,
न बोलता,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं सोडवावं तसं.
संध्याकाळी लेइमाराचा नातू विरा
मला नारळ खवायला शिकवायचा.
माझ्या खोबऱ्यात करवंटीच जास्त.
कोंबड्यांची चंगळ झाली त्या महिन्यात.

लापलापसाठी कोनफळ किसताना बोटं खाजू लागली
तेव्हा लेइमारानं विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं?
चेरी, मी म्हणाले.
तिचा हात थांबला.
"चेरी," ती म्हणाली, ओळखीतल्या कुणाचं नाव घ्यावं तशी.
"लेइविया तीच खुडते. टास्मानियात.
पहाटे चारला उठते.
देठासकट खुडावी लागते म्हणे. देठ तुटला की पैसे कापतात."

ती बाग माझ्या घरापासून तासाभरावर.
लहानपणी आम्ही तिथे बादल्या घेऊन जायचो,
ओठ काळे पडेपर्यंत खायचो.
पलीकडच्या ओळींत माणसं असायची, शिड्यांवर, पाठमोरी.
त्यांना कधी हात केला होता का,
आठवत नाही.

सिग्नल फक्त टेकडीवर, आंब्याखाली.
रविवारी प्रार्थना आटोपली की सगळं गाव तिथे,
एकेक फोन, भोवती सात-आठ कान.
नवरे, जावई, लेकी, सगळे त्या आंब्याखालीच घरी येत.
टाकी बांधायला इथे तरणा हात एकही कसा नाही,
हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

लेइमारानं फोन माझ्याकडे दिला.
"माझ्या पलंगावर तू?"
"हो."
"तिसरी फळी?"
"कुरकुरते."
लेइविया खुदकन हसली.
"खाली चटईची घडी सरकव. डावीकडून.
रात्री बाहेर सटकायचं असलं की मी तेच करायचे.
आईला अजून पत्ता नाही."
मग टाकीबद्दल विचारलं.
भिंत छातीपर्यंत आली, मी म्हणाले.
"आधीची वादळात गेली. झाकण नीट बसवा या वेळी."
मग, जरा थांबून:
"तुमच्याकडे उन्हाळा कधी सुरू होतो गं?
दोन स्वेटर घालते मी."
"हाच. हाच उन्हाळा."
पलीकडे काहीच ऐकू येईना.
मला वाटलं सिग्नल गेला.

त्या रात्री मी चटईची घडी घातली, डावीकडून.
फळी गप्प झाली.
बाहेर समुद्राची गाज, छपरावर वटवाघळांची झटापट,
मी खुशाल या कुशीवरून त्या कुशीवर.
डोळा लागणार, एवढ्यात
बांबूच्या भिंतीपलीकडून, अर्धवट झोपेत,
लेइमाराचा आवाज:
"लेइविया? परत निघालीस?"

मी अंधारात चाचपत
घडी हळूच ओढून काढली
आणि कूस बदलली,
मुद्दाम,
फळी कुरकुरेल अशी.